आधी शीर, मग कागद

डॉ. प्रयाग तांदळे यांच्यावर अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. जागा : सरकारी दवाखान्याची आस्थापना शाखा, खिडकीकडून दुसरं टेबल. हत्यार : एक गोल शिक्का. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नावानिशी लिहिलं की काय होतं ते मी याच प्रकरणात शिकलो, आणि तेही पुढे सांगणार आहे.

शिक्का पडला त्या कागदावर चार ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की मधल्या चार कालावधींत सदर डॉक्टर या संस्थेत कार्यरत नव्हत्या. हे खोटं आहे. त्यातल्या शेवटच्या कालावधीत माझ्या आत्याच्या हातात सुई याच बाईंनी घातली. शेजारी मी उभा होतो. बाटलीचा स्टँड मोडका, म्हणून बाटली माझ्याच हातात होती.

बाई कॅन्सरच्या डॉक्टर. आईवडील तेलगावकडचे ऊसतोड कामगार. टोळी कारखान्याला गेली की ही पोरगी वसतिगृहात. अंबाजोगाईला डॉक्टर झाल्या, पुढचं मोठं शिक्षण लांबच्या शहरात घेतलं आणि परत जिल्ह्यात आल्या. एवढं चरित्र पुरे. बुटक्या, चालणं भरभर, पायात रबरी चप्पल. वॉर्डातून जाताना दोन गोष्टींवरून ओळखू यायच्या : एक तर त्या चालता चालता पेशंटच्या हातावर टिचकी मारून शीर शोधायच्या, आणि दुसरं म्हणजे एप्रनच्या खिशाला लावलेला चपटा काळा बिल्ला. पेशंटांना वाटायचं बाईंचं ओळखपत्र आहे. ते ओळखपत्र नव्हतं. किरणांच्या मशीनजवळ काम करणाऱ्याच्या अंगावर किती किरण पडले, ते मोजायची ती डबी. शिकत असतानाची, जुनी.

मशीन मात्र नव्हतं. त्यासाठी खोली होती. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, भिंती इतक्या जाड की दाराच्या चौकटीत मी दोन्ही हात पसरून आडवा झोपू शकलो असतो. खोली झाली, पाटी लागली, नारळ फुटला. मशीन काही आलं नाही. आत मोडक्या खाटा आणि लसीकरणाचे जुने फलक. उन्हाळ्यात तिथं गार असायचं, म्हणून बाई डबा तिथं खायच्या. फरशीवर त्यांनी खडूने एक गोल काढून ठेवला होता, मशीन बसेल तिथं. झाडणारी मावशी तेवढा गोल सोडून झाडायची.

आत्याला शहरात जाऊन 'लाईट' घ्यावी लागणार होती. किरणोपचाराला आमच्याकडे लाईट म्हणतात. आत्या घाबरली होती. बाईंनी तिला त्या खोलीत नेलं, मोडक्या खाटेवर झोपवलं, स्वतः खडूच्या गोलात उभ्या राहिल्या आणि उजवा हात तिच्या अंगावरून सावकाश फिरवत नेला.

"मशीन असं फिरतं बघा. दुखत न्हाई. भाजत न्हाई. नुसता आवाज येतो, पिठाच्या चक्कीसारखा."

आत्या म्हणाली, "मंग तुमीच फिरवा की हात रोज. तितक्या लांब कशाला धाडता?"

बाई हसल्या, पण हात लगेच खाली घेतला नाही. पुढे एकदा मी बिल्ल्याचं विचारलं, यात काय निघतं? म्हणाल्या, "शून्य. पाच वर्षं शून्य. जगात माझ्याइतकी सुरक्षित डॉक्टर न्हाई."

तर अशा बाई. ज्या कामासाठी शिकल्या ते करता येत नव्हतं, म्हणून जे करता येत होतं ते त्या दुप्पट करायच्या. केमोची सलाइनं त्या लावायच्या. नर्स कागद भरत बसली की ओरडायच्या, "आधी शीर, मग कागद!" शीर कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या सशासारखी असते, एकदा सापडली की धरायची, कागद कुठं पळून जात नाही, असं त्यांचं म्हणणं. या एका बाबतीत त्या साफ चुकल्या.

दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातली निम्मी गावं रिकामी होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. केमो असते एकवीस-एकवीस दिवसांनी. कॅन्सरला ऊसतोडीचा हंगाम कळत नाही आणि मुकादमाला कॅन्सर कळत नाही. मधे बाई उभ्या. वॉर्डाच्या व्हरांड्यात त्यांचं फोनवर चाललेलं असायचं, स्पीकर चालू, सगळे ऐकतायत.

"मुकादम, तुमच्या टोळीतली एक बाई मला दर एकवीस दिवसांनी दोन दिवस माघारी पाहिजे."

"डॉक्टरीनबाई, नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. अर्धा कोयता तुमच्याकडं धाडला तर उरलेला अर्धा काय करील? मोळी कोण बांधील?"

"माझा बाप बांधायचा आई आजारी पडली की. तोडायचाबी तोच आणि बांधायचाबी तोच. मला शिकवू नका. यंदा धाडलं न्हाई तर पुढल्या वर्षी तुमच्याकडं अर्धाच कोयता येईल. बघा."

पलीकडे वही चाळल्याचा आवाज. मग, "कोन्या तारखेला म्हन्ला?"

तारीख त्या सांगायच्या आणि लगेच लिहायच्या. कुठं लिहायच्या, ते नीट ध्यानात ठेवा. पेशंटच्या फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर. आज कोणतं औषध किती दिलं, पुढची तारीख, मुकादमाचा नंबर, टोळी कोणत्या कारखान्याला, आणि खाली सही. सहीखाली एक छोटा गोल. ऊसतोडीची माणसं आज इथं, उद्या कर्नाटकात. वाटेत काही झालं, तर कुठल्याही डॉक्टरला पुठ्ठा उघडून सगळं कळावं. केसपेपर फाटतो, रिपोर्ट भिजतात. पुठ्ठा टिकतो.

आता कागदावरच्या खड्ड्यांकडे, म्हणजे त्या चार कालावधींकडे येतो. बाईंची नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. अकरा महिने संपले की ऑर्डर संपते. नवी ऑर्डर वरून यायला कधी महिना, कधी दोन, एकदा तर शिमग्यापासून आखाडापर्यंत. तेवढे दिवस कागदावर बाई नाहीत. पण पेशंटला एकविसाव्या दिवशी यायला सांगितलेलं असतं. तो येतो. त्याला काय सांगायचं, तुझी गाठ थांबव, माझी ऑर्डर यायचीय? बाई येत राहिल्या, विनाऑर्डर, विनापगार. औषधाच्या मागणीवर आणि वॉर्डाच्या रजिस्टरवर त्या दिवसांत दुसऱ्या कायम डॉक्टरांची सही, कारण बाईंची सही चालायची नाही. ही सोय बाईंनीच लावून दिली होती. पाच ऑर्डरी, मधे चार खड्डे, आणि चारही खड्ड्यांत बाई हजर.

एका दुपारी त्या थंड खोलीत मी निरोप द्यायला गेलतो. बाई खाटेवर बसून फोनवर काहीतरी टाइप करत होत्या. मला बघून लपवलं नाही. कॅन्सर डॉक्टरची जागा, परदेशात, व्हिसा देणारी, असं काहीतरी शोधत होत्या. इंग्रजीची परीक्षा झालेली, तिकडची विषयाची परीक्षाही टप्प्याटप्प्याने दिलेली, अर्ज कितीतरी केलेले. बहुतेक ठिकाणांहून एकच उत्तर : अलीकडच्या काळात मशीनवर काम केल्याचा पुरावा द्या.

माझं डोकं फिरलं. आम्ही चार पोरं मशीनसाठी पत्रकं छापतोय, गेटवर उभं राहून वाटतोय, आणि बाई?

"तुमीबी पळणार का बाई? मग आमी कावून ओरडायलोत गेटवर?"

"ओरड की. तुझं काम हाय ते."

"आणि पेशंट?"

त्यांनी फोन बाजूला ठेवला. "पेशंटला मी काय देते? शहराची चिठ्ठी देते. कितीतरी जणी तिथवर जातच न्हाईत. बसतात घरी, आणि मी पुठ्ठ्यावर पुढची तारीख लिहीत राहते. मला जे येतं ते मी इथं करूच शकत न्हाई रे. आता तर येतं का, याचीच शंका येते." मग दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. "तुझ्या आईला विचार. पाच वर्षं कोयता हातात धरला न्हाई, तर पहिल्या दिवशी ऊस तुटंल का पाय?"

तरी माझा राग गेला नाही.

मग इंग्लंडातल्या एका दवाखान्याने होकाराच्या दिशेने मान हलवली. जागा खालच्या पायरीवरची होती. पाच वर्षांपूर्वी शिकलेलं पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली शिकायचं, पण मशीनवर. मुलाखत फोनवरच, व्हिडिओने व्हायची. खोलीत भिंतींमुळे रेंज नाही, वॉर्डात गोंधळ, म्हणून बाई गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या राहिल्या आणि मी जिन्याच्या तोंडाशी राखणीला. मधेच एक म्हातारा वर आला, मुतखड्याचा एक्सरे कुठं काढतात विचारत. बाईंनी कॅमेऱ्यावर हात ठेवला, "आजोबा, खाली, डावीकडं, पन खिडकी दोनला बंद होते, पळा," आणि परत इंग्रजी सुरू. तिकडच्यांनी विचारलं काय चाललंय. बाईंनी खरं सांगितलं. तिकडून हसण्याचा आवाज मला जिन्यापर्यंत ऐकू आला. मला वाटतं, त्या म्हाताऱ्यानेच नोकरी मिळवून दिली असती.

खाली येताना बाई खुशीत होत्या. व्हिसाचं मला काही कळत नव्हतं. त्यांनी सांगितलं, "लई सोपं हाय. तिकडच्या दवाखान्यानं लिहून द्यायचं, ही बाई आमची. त्याशिवाय व्हिसा न्हाई. मुकादमच की तो! त्यानं म्हणायचं हा कोयता माझ्या टोळीतला, की कारखान्याच्या फाटकातून आत. आणि एकदा आत गेलं की त्या टोळीतून हलायचं न्हाई." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "आईबापानं शिकवलं ते यातून सुटावं म्हणून."

तिकडच्यांची अट एकच राहिली होती. गेल्या पाच वर्षांच्या सलग सेवेचं प्रमाणपत्र, सध्याच्या दवाखान्याच्या शिक्क्याचं. आस्थापना शाखेतल्या दुसऱ्या टेबलावरचे भाऊसाहेब भले माणूस. त्यांच्या मेहुणीचं सलाइन बाईंनीच लावलं होतं, तेही एका खड्ड्यात. ते म्हणाले, लिहितो सलग. साहेब सही करतील. पोळा होऊ द्या.

आणि पोळ्याच्या आधी मी पत्रक काढलं.

मथळा होता : 'बिनऑर्डरीच्या डॉक्टर, बिनमशीनची खोली!' मी त्यात सगळं लिहिलं. दवाखान्याचं नाव, बाईंचं नाव, कोणकोणत्या महिन्यांत त्या विनाऑर्डर राबल्या. प्रत्येक शब्द खरा होता. मला वाटलं, सरकारला लाज वाटेल, बाईंना कायम करतील. आणि बाई जाणार नाहीत. हे शेवटचं वाक्य पत्रकात नव्हतं, पण पत्रक मी त्याच्यासाठीच लिहिलं होतं. बाईंना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या.

स्टँडवर वाटलं, तहसीलवर वाटलं. कुणीतरी फोटो काढून फिरवलं. लाज कुणालाच वाटली नाही, भीती मात्र बऱ्याच जणांना वाटली. वरून एका ओळीची विचारणा आली : विनाआदेश व्यक्तीस रुग्णांवर उपचार करू दिले काय?

मंगळवारी मी बाईंबरोबर शाखेत होतो. भाऊसाहेबांनी टाइप केलेला कागद आमच्यासमोर शिक्का मारून पुढे सरकवला. बाईंनी उभ्यानेच वाचला. मी टेबलावर हात आपटला.

"भाऊसाहेब, तुमच्या मेहुणीला सलाइन कुणी लावलं? भुतानं?"

ते बाईंकडे बघेनात, माझ्याकडेच बघत राहिले. "पोरा, तूच छापलंस ना? आता आमी लिहिलं की ह्या होत्या, तर उद्या इचारतील, बिनऑर्डरीच्या माणसाच्या हातात पेशंट कुनी दिले? साहेब जातील, मी जाईन. नव्हत्या म्हन्लं की सगळे सुटले."

"सगळे?"

त्यांनी शिक्का खणात टाकला आणि पुढची फाईल ओढली. बाईंनी कागदाची घडी घातली. "शिक्का वाकडा पडलाय," एवढंच म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानेच थांबवलं. "पत्रक चांगलं लिवलंस. शुद्धलेखनबी बरं हाय. फक्त एकदा मला विचारायचं होतंस."

तिकडच्यांनी मुदत दिली, दसऱ्यापर्यंत. त्या खड्ड्यांत काम केल्याचा दुसरा कोणताही लेखी पुरावा चालेल, प्रत्येक खंडाचा एक. रजिस्टरवर तर दुसऱ्याच्या सह्या. मग मला पुठ्ठे आठवले. त्यावर बाईंची सही होती, तारीख होती, गोल होता. मी मोटारसायकल काढली.

बाईंच्या साक्षीदारांची जातच अशी की ते टिकत नाहीत. मी दारात उभा राहायचो आणि आतल्या भिंतीवर हार घातलेला फोटो आधी दिसायचा. तलवाड्यात एका घरी म्हातारा चहा पाजून म्हणाला, "फाईल? ती तिसऱ्यालाच टाकली की. अंथरून, औशिदं, समदं संगंच. दवाखान्याचा कागद घरात ठेवत न्हाईत बाबा, दुसऱ्याला वढतो." मला ही रीत नवी नव्हती. आमच्याकडे सगळीकडेच तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाताना गाठोडं बरोबर नेतात. त्यात गोधडी असते, तांब्या असतो, गोळ्या असतात. आणि फाईल.

तरी मिळाल्या. ज्या जगल्या होत्या त्यांच्याकडे मिळाल्या. पहिल्या खड्ड्याची एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची एक. एका बाईने तर पुठ्ठा कापून देव्हाऱ्यात लावला होता, सहीच्या बाजूला कुंकू. चौथ्या खड्ड्याची एकही नाही. हाच तो शिमग्यापासून आखाडापर्यंतचा, सगळ्यांत मोठा. टोळ्या परत येतात, हंगामभर पदराखाली लपवलेल्या गाठी घेऊन बाया दवाखान्यात येतात, त्याच दिवसांतला.

चौथ्या खड्ड्याची एक फाईल आमच्याच घरात होती. आत्याची. तिच्या तिसऱ्याला गाठोडं मी स्वतः नेलं, नदीकाठी ठेवलं आणि काडी लावली. पुठ्ठा लवकर पेटत नव्हता. मी काठीने ढोसून पेटवला.

हे मी बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी खिशावरचा बिल्ला काढून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "तुझी आत्या शेवटी शहरात गेलीच न्हाई ना, लाईटला?" नाही म्हणालो. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या.

दसऱ्यानंतर मेल आला. भाषा फार सभ्य होती. सेवेतील एका खंडाचा खुलासा होऊ शकला नसल्याने जागा दुसऱ्या उमेदवारास देण्यात येत आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. बाई म्हणाल्या, त्यांचं बरोबर हाय, असा कागद माझ्यासमोर आला असता तर मीही घेतलं नसतं. पाचव्या ऑर्डरीला यंदा पहिल्यांदाच तीन-चार महिन्यांची वाढ मिळाली होती, तीही त्याच महिन्यात संपली. सहावी अजून आलेली नाही. पत्रकानंतर ऑर्डरीशिवाय वॉर्डात पाय ठेवायला त्यांना लेखी बंदी आहे. खोली अजून तशीच आहे. झाडणारी मावशी बदलली आणि नवीने खडूचा गोल पुसून टाकला.

परवा त्या मला शेवटच्या दिसल्या. केसपेपरच्या रांगेत. सातव्या-आठव्या नंबरला, अंगात एप्रन नाही, खिसाच नाही म्हणून बिल्लाही नाही. शेजारी एक बाई, डोक्यावर केस नाहीत म्हणून पदर घट्ट ओढलेली. तिचा नवरा खाली पोत्यावर बसलेला, बाजूला गाठोडं आणि कोयते. टोळी त्याच दिवशी निघणार होती. शिपाई ओरडला, "ओ बाई, लाइनीत ऱ्हावा, मधे घुसू नका!" तो नवा होता. ती पेशंट बाई त्याच्यावर धावून गेली, "आरं, ह्या कोन हायती म्हाईत हाय का तुला?" डॉक्टरांनी तिचा हात धरून तिला मागे घेतलं. हात धरला तो मनगटावर, आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारून शीर बघितली. सवय.

मग त्या बाईने फाईल उघडून पुठ्ठा पुढे केला. "आता फुडली तारीख लिवा की, म्हंजी मुकादमाला दाखवीन."

बाईंनी पेन काढलं. तारीख लिहिली, औषध लिहिलं, नंबर लिहिला. सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि उचललं. टोपण लावलं. रांग एका माणसाने पुढे सरकली, त्याही सरकल्या.

आता तुम्ही. हे वाचणारे, जिल्ह्यात कुठल्याही गावात असाल. तुमच्या घरात, भावकीत, टोळीत कुणी गेल्या वर्षी शिमगा ते आखाड या दिवसांत या बाईंकडे केमो घेतली असेल, तर आज उठा, पेटी उघडा, फाईल काढा आणि आतला पुठ्ठा बघा. सही असेल, सहीखाली छोटा गोल असेल. तेवढा एक खड्डा भरला, की बाईंना दुसरीकडे पुन्हा अर्ज करता येईल. ती फाईल, ज्या पोरीने किंवा पोराने हे पत्रक तुमच्या हातात दिलं, त्यांच्याकडे द्या. माणूस गेलं असेल, तर गाठोड्यातून तेवढी फाईल बाजूला काढा. गोधडी जाळा, गोळ्या जाळा. फाईल जाळू नका.